ज्याचं जळतं त्यालाच कळतं?

‘ज्याचं जळतं त्यालाच कळतं’ ही म्हण मुळात बघ्यांना टोचण्यासाठी असावी. पण आपल्या घरांत तिचा उपयोग उलटाच होतो. दुखणं ज्याचं त्याचं असतं, दुसऱ्याला ते कळणारच नाही, तेव्हा दुसऱ्याने त्याबद्दल काही करण्याचा प्रश्नच येत नाही, असा तिचा सोयीस्कर अर्थ काढला जातो. पाळीच्या दिवसांत पोट धरून बसलेल्या मुलीला, कळा देणाऱ्या बाईला, कंबर धरली म्हणून ओट्याला टेकून उभ्या राहिलेल्या आईला आपण एवढंच सांगतो, ‘बाईच्या जातीला सोसावंच लागतं.’

दुसऱ्या बाजूला वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत अधूनमधून एक गोड बातमी येते. ‘जोडीदाराचा हात हातात घ्या, वेदना विसरा.’ सोबत दोन हातांचं छायाचित्र, त्यातल्या एकावर मेंदी. प्रेमाने दुखणं पळतं, हे आता विज्ञानानेही सिद्ध केलं, असा एकूण सूर.

मला या दोन्हींशी भांडायचं आहे. पहिलीशी भांडायचं, कारण ती खोटी आहे. दुसऱ्याचं दुखणं माणसाला कळू शकतं आणि ते कळलेल्या माणसाच्या स्पर्शाने दुखणं खरोखर कमी होतं. दुसरीशी भांडायचं, कारण ती अर्धी आहे. कुणाचा हात, कसा हात आणि तो हात बाईने मागितला होता का, हे प्रश्न ती गाळून टाकते. आणि आपल्याकडे सगळं अडलं आहे ते नेमकं त्याच प्रश्नांपाशी.

प्रयोगांत काय दिसलं

आधी विज्ञानाचं बघू. २००६ साली जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. सोळा विवाहित बायकांना मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवलं होतं. आता घोट्याला विजेचा झटका बसण्याची शक्यता आहे, अशी खूण त्यांना मधूनमधून दाखवली जाई. त्या वेळी त्यांचा हात कधी नवऱ्याच्या हातात असे, कधी अनोळखी पुरुषाच्या, कधी कुणाच्याच नाही. धोक्याची चाहूल लागल्यावर मेंदूचे जे भाग खडबडून जागे होतात, ते नवऱ्याचा हात हातात असताना सर्वांत शांत राहिले. अनोळखी हाताचाही परिणाम झाला, पण थोडा.

पावेल गोल्डस्टाईन या संशोधकाला हा विषय सुचला तो मुलीच्या जन्माच्या वेळी. बायको कळा देत होती, आपण काय करू शकतो हे त्याला कळेना, त्याने तिचा हात धरला आणि तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटतं का, हे त्याने पुढे तपासायचं ठरवलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगात बावीस जोडपी होती. बाईच्या हाताला चटका बसेल इतकी उष्णता दिली जाई. नुसतं शेजारी बसलं तरी दोघांचे श्वास आणि हृदयाचे ठोके एकमेकांशी जुळत. तिला दुखायला लागलं आणि त्याला हात लावायची मुभा नसली की ही लय तुटे. हात धरायची मुभा मिळाली की लय परत जुळे आणि तिचं दुखणंही कमी होई. पुढच्या वर्षी याच गटाने मेंदूतल्या लहरी मोजल्या. तिथेही तेच दिसलं. शिवाय ज्या पुरुषांना बायकोला किती दुखतंय याचा अंदाज जास्त बरोबर येत होता, त्यांच्या बाबतीत ही जुळणी अधिक होती.

आपल्या भाषेत यासाठी फार जुना शब्द आहे, सहवेदना. सोबतीने झालेली वेदना. आपण तो शब्द शोकसभेसाठी राखून ठेवला आहे.

इथे एक गैरसमज लगेच दूर करायला हवा. स्पर्शाने दुखणं कमी झालं याचा अर्थ दुखणं मनाचं होतं, असा होत नाही. बायकांच्या बाबतीत हा अर्थ फार लवकर काढला जातो. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडलं की दुखण्याचा संदेश जखमेपासून मेंदूपर्यंत सरळ तारेसारखा पोचत नाही. वाटेत, मज्जारज्जूतच, तो कमी-जास्त केला जातो. त्यांच्या सिद्धांतातले तपशील नंतर बदलले, पण मूळ गोष्ट टिकली. भीती, एकटेपणा, अपमान यांनी तो संदेश तीव्र होतो. आधार, विश्वास, ऊब यांनी तो मवाळ होतो. आपल्या कातडीत हळुवार, संथ कुरवाळण्यालाच खास प्रतिसाद देणारे मज्जातंतू आहेत, हेही आता माहीत झालं आहे. सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर या गतीने फिरणारा हात त्यांना सर्वांत जास्त जागं करतो. बाळंतिणीच्या पाठीवरून हात फिरवणाऱ्या आज्यांनी हे कधी मोजलं नव्हतं, पण त्यांचा हात घाईत नसे.

बातमीतून गळलेलं

आता बातमीत न आलेल्या गोष्टी. कोन यांच्या प्रयोगातली जोडपी मुद्दाम सुखी असलेलीच निवडली होती. आणि त्या सुखी जोडप्यांतही ज्या बायका आपल्या संसाराबद्दल अधिक समाधानी होत्या, त्यांचाच मेंदू नवऱ्याच्या हाताने अधिक शांत झाला.

मग जिथे नातं आंबलेलं आहे तिथे काय होतं? कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ स्यू जॉन्सन यांनी कोन यांच्याबरोबर हेच पाहिलं, आणि २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. संसारात दुखावलेल्या बायकांना तेच यंत्र, तीच झटक्याची खूण, तोच नवऱ्याचा हात. हाताचा काही उपयोग झाला नाही. मग या जोडप्यांनी काही महिने समुपदेशन घेतलं, एकमेकांशी बोलायला, ऐकायला शिकली. त्यानंतर पुन्हा प्रयोग केला, तेव्हा त्याच हाताने त्याच बायकांचा मेंदू शांत झाला.

मला या सगळ्या संशोधनात ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. हात तोच होता, बोटं तीच, लग्नाचा दाखलाही तोच. बदललं होतं ते वागणं. म्हणजे औषध नवरेपणात नाही, मंगळसूत्रात तर नाहीच नाही. माझं दुखणं याला खरं वाटतं, मी याच्यावर भार टाकू शकते, हा विश्वास हातातून पोचतो, आणि तो पोचला तरच दुखणं उतरतं.

हे प्रयोग लहान आहेत, आणि प्रयोगशाळेतला चटका म्हणजे बाळंतपणाच्या वेणा नव्हेत, हे मान्यच आहे. पण त्यांनी जी दिशा दाखवली, ती आपल्या घरांच्या बरोबर उलटी आहे. म्हणून त्यांच्याबद्दल बोलायला हवं.

आपल्या घरातला स्पर्श

आपल्या घरात दुखण्यावर फिरणारा हात कुणाचा असतो? आईचा, बहिणीचा, मुलीचा, सुनेचा. सासूचे पाय चेपायचे सुनेने. नवरा कामावरून दमून आला की डोक्याला तेल बायकोने लावायचं. शेषशायी विष्णूचं चित्र आपण सगळ्यांनी भिंतीवर पाहिलं आहे. तो आरामात पहुडलेला आणि लक्ष्मी त्याचे पाय चेपत बसलेली. साक्षात धनाची देवता, पण तिची जागा पायांपाशी. स्पर्शाने सेवा करायची ती खालच्याने वरच्याची, हे त्या चित्राने पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं. याच्या उलट एखाद्याने दुखणाऱ्या बायकोचे पाय चेपले आणि शेजारणीने पाहिलं, तर तो ‘बाईलवेडा’ ठरतो, आणि तिने नक्कीच काहीतरी करणी केली असणार, असं बोललं जातं.

पुरुषाच्या दुखण्यात बाईचा हात इतका गृहीत धरलेला आहे की त्याचा परिणाम मोजायची कुणाला गरज वाटत नाही. बाईच्या दुखण्यात पुरुषाचा हात आला, की त्याची बातमी होते.

आणि पाळीचे दिवस? ‘कावळा शिवला’ म्हटलं की घरात एकच नियम, हिला शिवायचं नाही. महिन्यातले जे दिवस तिच्या ओटीपोटात पिळा पडतो, कंबर भरून येते, नेमके तेच दिवस आपल्या परंपरेने स्पर्शबंदीसाठी निवडले. आता शहरांत बाजूला बसणं कमी झालं आहे. पण त्या चार दिवसांत नवऱ्याने गरम पाण्याची पिशवी करून आणली, पाठीवर हात ठेवून दहा मिनिटं नुसता बसला, असं किती घरांत घडतं? आमच्या आरोग्य गटाच्या बैठकीत मी हा प्रश्न नेहमी विचारते. आधी हशा होतो. मग एखादी म्हणते, ‘ताई, तो हात लावतो तेव्हा त्याला काहीतरी पाहिजे असतं.’ त्यावर कुणीच हसत नाही.

या एका वाक्यात आपल्या दांपत्यजीवनाचा ताळेबंद आहे. अनेक बायकांना नवऱ्याचा स्पर्श दोनच प्रकारांनी माहीत असतो. एक मागणारा, एक मारणारा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे २९ टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. हे सांगितलेल्यांचं प्रमाण. न सांगणाऱ्या किती, हे आपल्या मदत केंद्रांत बसणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

कायदाही त्या हाताच्याच बाजूने उभा आहे. लग्नांतर्गत बलात्काराला बलात्कार न मानण्याचा अपवाद भारतीय दंडविधानाच्या ३७५ कलमात होता. ती संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. नाव बदललं, कलमाचा आकडा बदलून ६३ झाला, अपवाद मात्र जपून नव्या घरात नेला. बायकोच्या अंगाला हात लावायला तिची परवानगी लागत नाही, असं कायदाच म्हणत असेल, तर त्याच हाताने तिची वेदना शमेल अशी अपेक्षा कशी करायची? ज्या हाताला ‘नको’ म्हणता येतं, त्याच हाताचा आधार वाटतो. नकाराच्या हक्काशिवाय स्पर्शाचं औषध लागू पडत नाही. पुरवण्यांतल्या गोड बातमीखाली हे वाक्य छापायला हवं.

आधी दुखणं खरं माना

सहवेदनेची पहिली पायरी म्हणजे समोरच्याचं दुखणं खरं मानणं. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली आणि जानेवारी १९८९ मध्ये तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होता. त्याआधी स्त्रीरोगासाठी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे दुखणं घरोघरी होतं. अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं, संबंधांच्या वेळी दुखणं. पण त्याच अंथरुणावर झोपणाऱ्या माणसाला ते कळलेलं नव्हतं, किंवा कळूनही ते दवाखान्यात नेण्याजोगं वाटलं नव्हतं.

तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढलेली होती. दुखण्याकडे वेळेवर कुणी पाहिलं नाही, की शेवटी दुखणारा अवयवच काढून टाकायचा, हा आपल्याकडचा उपचार.

ऊसतोडीच्या फडावर मात्र सगळा दोष नवऱ्यावर ढकलता येणार नाही. तिथे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. उचल दोघांवर मिळून, काम दोघांचं मिळून. तिची पाळी असो, ताप असो, एक दिवस काम चुकलं की खाडा लागतो आणि तो दोघांच्या हिशोबातून कापला जातो. अशा नवऱ्याला बायकोजवळ तासभर बसावंसं वाटलं तरी त्याने बसायचं कुठे आणि कशाच्या जोरावर? दोन माणसांचा एक कोयता करणाऱ्या व्यवस्थेने त्यांना एकमेकांच्या दुखण्यासाठी मात्र वेगळं पाडलं आहे. म्हणून ‘हात हातात घ्या’ हा सल्ला ज्यांना पगारी रजा आहे त्यांनी ज्यांना नाही त्यांना देऊ नये. सहवेदनेला वेळ लागतो, आणि वेळ हा मजुरीचा प्रश्न आहे.

बंद दाराआडच्या वेणा

या सगळ्याची कसोटी लागते ती बाळंतपणात. पूर्वी बाळंतपण घरी, पहिलं तर माहेरी. नवरा तिथे नसेच, पण बाई एकटीही नसे. सुईण असे, आई असे, मागून धरून बसणारी, कंबर रगडणारी, घाम पुसणारी कुणीतरी असे. त्या काळाचं मला कौतुक करायचं नाही. त्या खोल्यांत बायका मरत, हे विसरता येत नाही. आणि अनेक गावांत ती सुईण दलित वस्तीतली असे. वेणा सुटेपर्यंत तिचे हात चालत. बाळ झालं, की त्याच हातांचा विटाळ होई. ज्या स्पर्शाने घराचा वंश सुखरूप बाहेर आला, तो स्पर्श पाणवठ्यावर चालत नसे. स्पर्शाची गोष्ट आपल्या देशात जात वगळून सांगताच येणार नाही.

आज देशातली जवळजवळ ८९ टक्के बाळंतपणं दवाखान्यांत होतात. १९९२-९३ च्या पहिल्या पाहणीत हे प्रमाण जेमतेम पाव होतं. ही मोठी मजल आहे. पण वाटेत एक गोष्ट हरवली. बाई टेबलावर पोचली की तिच्यामागे दार बंद होतं. आई बाहेर, नवरा फाटकापाशी, आणि आत अनेक टेबलं, हातावर मोजण्याइतक्या सिस्टर, आणि कळांमध्ये एकटी पडलेली बाई. ओरडली तर ‘नवऱ्याजवळ जाताना नाही का रडलीस?’ हे वाक्य. मांडीवर बसलेली थप्पड. वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या बायकांकडून हे वाक्य मी जवळजवळ त्याच शब्दांत ऐकलं आहे. भीती आणि अपमानाने दुखणं वाढतं हे विज्ञान खरं असेल, तर ही थप्पड म्हणजे वेदना वाढवण्याची क्रिया आहे आणि तिला तसंच म्हटलं पाहिजे.

सिस्टरांना खलनायिका करून मला सुटका करून घ्यायची नाही. एका पाळीत एकीने किती टेबलं सांभाळायची, याचा जाब वरच्यांना विचारायला हवा. पण म्हणूनच दार उघडायला हवं. आत आलेलं सोबतीचं माणूस सिस्टरच्याही उपयोगाचं असतं.

सोबतीने काय होतं, हेही तपासलं गेलेलं आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोक्रेन आढाव्यात १७ देशांतले २६ अभ्यास आणि १५ हजारांहून अधिक बायका होत्या. कळांच्या काळात ज्यांच्याजवळ सतत कुणीतरी होतं, त्यांची नैसर्गिक प्रसूती होण्याची शक्यता वाढली, सिझेरियन कमी झाली, वेदनाशामकांची गरज काहीशी कमी पडली, कळांचा काळ थोडा आखडला. आणि बाळंतपणाची कडू आठवण घेऊन जाणाऱ्या बायकाही कमी होत्या. ही सोबत नेहमी नवऱ्याचीच होती असं नाही. कुठे दवाखान्यातली बाई होती, कुठे त्यासाठी शिकवलेली सोबतीण, कुठे नातलग किंवा नवरा.

आपल्या सरकारनेही २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत ‘प्रसूती सोबती’ला परवानगी देणारी मार्गदर्शक सूचना काढली. पुढच्या वर्षी आलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमानेही त्यावर भर दिला. कागद चांगला आहे, पण त्यातली अट वाचा. सोबती ही स्वतः प्रसूतीतून गेलेली बाई हवी. नवऱ्याला परवानगी कधी, तर जिथे प्रसूतिगृहात बाईचा आडोसा सांभाळला जातो तिथे. जागतिक आरोग्य संघटना २०१८ च्या शिफारशींत ‘बाईच्या पसंतीचा सोबती’ म्हणते. आपल्याकडे ती पसंती नियमाने आधीच करून टाकली. जिला आई नाही, जिची बहीण बिनलग्नाची आहे, जी नवऱ्याबरोबर परगावी राहते आणि जिला तोच हवा आहे, तिने काय करायचं?

आडोशाचं कारण खोटं नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईला परका पुरुष नको असतो आणि तिचं म्हणणं रास्त आहे. पण त्यावर उपाय पडदा हा आहे. स्टीलचा दांडा आणि जाड कापड. पूल बांधणाऱ्या, मेट्रो धावायला लावणाऱ्या राज्याला टेबलांमध्ये पडदे लावणं परवडत नाही, असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. पडदा लागत नाही, कारण आतल्या बाईची लाज आणि तिचं दुखणं ही दोन्ही खर्चाची बाब म्हणून कुणी मांडलेलीच नाहीत.

आक्षेप

चळवळीतल्या काही मैत्रिणी म्हणतील, इतकी वर्षं बाईने स्वतःच्या पायांवर उभं राहायचं म्हटलं आणि आता पुन्हा पुरुषाचा हात धरायला सांगता? माझं उत्तर असं. आधार घेणं म्हणजे अंकित होणं नव्हे. पुरुष जन्मभर आधार घेतात. आजारपणात, बेकारीत, अपयशात बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवतात आणि तरीही स्वतंत्रच समजले जातात. एकतर्फी आधार ही गुलामी, दुतर्फी आधार ही सोबत. आपल्याला सोबत मागायचा हक्क आहे.

दुसरा आक्षेप डॉक्टर मैत्रिणींचा, आणि तो गंभीर आहे. हात धरल्याने भागतं म्हटलं की सरकार भूल देणाऱ्या डॉक्टरांची पदं भरणार नाही. अगदी बरोबर. म्हणून स्पष्ट म्हणते, स्पर्श हा औषधाचा बदली कामगार नाही. जिला कळांमध्ये वेदनाशामक इंजेक्शन हवं, तिला ते सरकारी दवाखान्यातही मिळालं पाहिजे. कर्करोगाच्या बाईला मॉर्फिन हवं तर मॉर्फिनच हवं, त्या जागी प्रेम चालणार नाही. दोन्ही मागायचं, आणि एकाच्या नावाखाली दुसरं काढून घेऊ द्यायचं नाही.

तिसरा आक्षेप पुरुषांचा. ‘आम्हाला जमत नाही, रक्त बघून चक्कर येते, काय बोलावं कळत नाही.’ बाईलाही हे जन्मतः येत नाही. तिला लहानपणी भावाचं डोकं चेपायला बसवलं म्हणून आलं. जॉन्सन यांच्या प्रयोगातले नवरे काही महिन्यांत शिकले. शिकायचं तरी काय? जवळ बसायचं. उपदेश करायचा नाही. ‘कुठे दुखतंय, हात ठेवू का’ हे विचारायचं आणि ‘नको’ म्हटलं तर रुसायचं नाही. त्या हाताने दुसरं काही मागायचं नाही. एवढा अभ्यासक्रम आहे.

आणि जोडीदार म्हणजे नवराच, असं तरी का? दोन बायका एकमेकींबरोबर संसार करतात, तेव्हा एकीच्या दुखण्यात दुसरीचा हात तेच काम करतो. ३७७ कलमाच्या जाचातून ६ सप्टेंबर २०१८ ला त्यांची सुटका झाली. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. मग दवाखान्याच्या दारात ‘तुम्ही पेशंटच्या कोण?’ या प्रश्नाला त्यांनी काय सांगायचं? वीस वर्षं हिचं दुखणं ओळखणारी बाहेर बाकावर, आणि वीस वर्षं न फिरकलेला भाऊ आत. सोबती बाईच्या पसंतीचा हवा म्हणते, त्याचा अर्थ इथपर्यंत पोचतो.

काय हवं

तर मागण्या अशा. प्रसूतिगृहात बाई सांगेल ते सोबतीचं माणूस, मग ती आई असो, मैत्रीण असो, जोडीदार असो. त्यासाठी प्रत्येक टेबलाला पडदा. पुरेशा सिस्टर आणि भूल देणारे डॉक्टर. थप्पड आणि शिवी यांची लेखी तक्रार घेणारी खिडकी. २०१७ च्या दुरुस्तीने आईची रजा २६ आठवडे केली आणि बापाच्या रजेबद्दल ती गप्प राहिली. ते मौन संपायला हवं. ऊसतोडीत दुखण्याच्या दिवसाचा खाडा बंद. आणि बायकोच्या शरीरावरचा तो जुना परवाना कायद्यातून रद्द.

यातल्या बहुतेक गोष्टी मोर्च्याने, निवेदनाने, कोर्टाने मिळवता येतील. एक मात्र घरातच मागावी लागेल, आणि ती मागताना आपल्यालाच संकोच वाटतो. ‘मला दुखतंय, जवळ बस’ हे वाक्य आपल्यातल्या कितीजणींनी आजवर उच्चारलं आहे? सोसण्याचं बक्षीस म्हणून मिळालेलं मोठेपण आपण फार दिवस मिरवलं. ते उतरवून ठेवू या आणि हे वाक्य मोठ्याने म्हणू या. ज्याला आपलं जळणं कळून घ्यायचं आहे तो सरकून जवळ बसेल. जो बसणार नाही, त्याचंही आपल्याला कळेल.